आठ पिंपांचा निकाल

राजारामपुरीतल्या एका नव्या डॉक्टरांकडे गेल्या महिन्यात पहिल्यांदाच गेले. तरुण आहेत, पेशंटची सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरून घेतात. वय बासष्ट, बीपी थोडं जास्त, साखर काठावर, इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग स्क्रीनकडे बघतच त्यांनी विचारलं, "तंबाखू, मद्यपान वगैरे काही नाही ना?"

"तंबाखू नाही. दारू सत्तावीस वर्षं. रोज सकाळी साडेदहाला."

त्यांची बोटं थांबली. त्यांनी माझं कुंकू, काठाची साडी, मांडीवरची भाजीची पिशवी बघून घेतली. "रोज?"

"रविवार आणि सणाच्या सुट्ट्या सोडून. कधी आठ प्रकारची, कधी बारा. पण गिळली नाही कधी. थुंकली."

बिचाऱ्यांना काय भरावं कळेना. शेवटी त्यांनी 'नाही' भरलं. मला ते पटलं नाही, पण त्या रकान्यात माझ्या नोकरीसाठी जागाच नव्हती.

कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर, एका साखर कारखान्याच्या आवाराला लागून असलेल्या डिस्टिलरीत मी चाखणीप्रमुख होते. नाव सांगत नाही. मालक आहेत, त्यांचा धंदा चालू आहे, आणि मी पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना फारसं आवडणार नाही.

काम काय ते आधी सांगते, कारण लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र असतं. साखर काढून झाली की काळी चिकट मळी उरते. ती आंबवायची, उकळायची, वाफ थंड करायची. जे हाती येतं ते पाण्यासारखं पांढरं आणि अतिशय तापट असतं. व्हिस्कीसाठी मळीऐवजी बार्लीचं धान्य घेतात, बाकी मार्ग तोच. हे पांढरं स्पिरिट ओक लाकडाच्या पिंपात भरून वर्षानुवर्षं ठेवलं की लाकूड त्याला रंग देतं, वास देतं, त्याचा तापटपणा काढून घेतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं थंड देशांपेक्षा लवकर घडतं, आणि पिंपातला बराच ऐवज उडूनही जातो. गोदामातली माणसं त्याला 'वाऱ्याचा हप्ता' म्हणायची.

पिंप तयार झालं की नाही, ते कुठल्या बाटलीत जायचं, की जायचंच नाही, हे मी ठरवायची. खोली पांढरी, टेबल पांढरं. पेले निळ्या काचेचे, म्हणजे रंग बघून मन भुलायला नको. पेल्यावर नाव नसतं, तीन आकडी नंबर असतो. स्पिरिट आहे तसं हुंगलं तर नाक पाच मिनिटांत बधिर होतं, म्हणून त्यात निम्म्याहून जास्त शुद्ध पाणी घालायचं. मग हुंगायचं, घोटभर तोंडात फिरवायचं आणि स्टीलच्या पिकदाणीत थुंकायचं. शंभरपैकी गुण द्यायचे. वासाला चाळीस, चवीला तीस, चव जाताना मागे काय ठेवून जाते त्याला वीस, आणि सगळं एकमेकांशी जमतंय का त्याला दहा. गुण रजिस्टरमध्ये शाईनं लिहायचे. खाडाखोड चालत नाही.

या नोकरीपायी सत्तावीस वर्षं मी कामाच्या दिवशी गजरा माळला नाही. घरी उदबत्ती संध्याकाळी लागायची. तांबडा रस्सा शनिवारी रात्रीच. आमच्या ह्यांना लग्नात आलेल्या अत्तराच्या बाटल्या त्यांनी पहिल्याच वर्षी मित्रांना वाटून टाकल्या आणि पुढे कधी तक्रार केली नाही.

नाक वडिलांकडून आलं. ते गुळव्या होते. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाचा पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरवलं तर करपतो. वडील काहिलीच्या वाफेत तोंड घालून उभे राहायचे आणि एकदम हात वर करायचे. मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन डिस्टिलरीच्या लॅबमध्ये लागले तेव्हा त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "लेक औषधाच्या कंपनीत हाय." मरेपर्यंत तेच सांगत राहिले. एकदा मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वास ओळखत्यात तितं, ती मानसं आपल्यागतच असत्यात का गं?" मी म्हटलं, आपल्यासारखीच असतात.

गमतीही खूप झाल्या. एक सांगते. आमच्या मालकांच्या ओळखीतले एक मोठे बागाईतदार होते, आबासाहेब. त्यांच्याकडे तीस वर्षं मुरवलेली परदेशी व्हिस्की होती, मेव्हण्यानं लंडनहून आणलेली. तिला किती गुण पडतात हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मालकांनी गाडी देऊन पाठवलं. आबासाहेबांनी लोखंडी कपाट उघडून लाकडी पेटी काढली, पेटीतून बाटली काढली आणि बाटलीच्याच टोपणात मला मोजून टोपणभर ओतून दिली.

मी सोबत नेलेल्या पेल्यात ती घेतली, पाणी घातलं, हुंगलं आणि मला हसू आवरेना. आपल्या घरचा लोणच्याचा खार आपल्याला परक्याच्या ताटातही ओळखू येतो, तसं झालं.

"किती पडत्यात?" आबासाहेबांनी विचारलं.

"आबासाहेब, बाटली लंडनची आहे. आतला ऐवज आमच्याकडचा आहे."

"काय बोलतायसा बाई!"

"ही आमची मधल्या दराची व्हिस्की. प्रमाण मीच ठरवलंय तिचं. वरनं जळक्या साखरेचा रंग घातलाय."

आबासाहेबांनी बाटली उलटीसुलटी करून बघितली. "म्हंजे मेव्हण्यानंच..."

"ते मला वासावरून सांगता येणार नाही."

"पन मार्क किती?"

"अडुसष्ट."

"मग वाईट न्हाय की!"

"वाईट कशाला असेल? मी केली आहे."

यावर ते एवढ्यानं हसले की आतून त्यांची सून बघायला आली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पंचक्रोशीतली मोठी मोठी पावणं ह्येचं टोपनभर घिऊन डोळं मिटत्यात. त्यास्नी काय सांगू नका." मी आजवर सांगितलं नव्हतं. आबासाहेब आता नाहीत, म्हणून लिहिते.

असे किस्से कारखान्यात पसरायला वेळ लागत नाही. माझ्या नाकाचा बोलबाला झाला. मी नापास केलं की कुणी का विचारेनासं झालं. मला ते आवडायचं. त्यात काय वाईट आहे हे कळायला मल्लूअण्णांची आठ पिंपं लागली.

मल्लाप्पा हे त्यांचं नाव, सगळे मल्लूअण्णा म्हणायचे. गडहिंग्लजच्याही पुढचं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. घरात कानडी, बाहेर मराठी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि काम दारूच्या पिंपांची राखण. तीस वर्षांत त्यांनी जिभेवर थेंब ठेवला नव्हता. कुठलं पिंप गळतंय, कुठल्या पिंपाची लोखंडी पट्टी सैल झाली, कुठलं लाकूड सुकतंय हे त्यांना तोंडपाठ असायचं. उन्हाळ्यात लाकडाला फट पडू नये म्हणून गोदामाची फरशी दिवसातून दोनदा स्वतः ओली करायचे.

आमचे धाकटे मालक रणधीरसाहेब यांच्या डोक्यात एक नवीन रम आली. मळीची नाही, कोल्हापुरी गुळाची. गूळ आंबवून काढलेलं स्पिरिट आठ पिंपांत भरलं. पिंपं अण्णांनी निवडली, गोदामाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात लावली आणि सहा वर्षं सांभाळली. सातव्या वर्षी श्रावणात ती चाखायची ठरली. रणधीरसाहेबांनी मुंबईतल्या एका मोठ्या खरेदीदाराला शब्द दिला होता. निकाल ऐकायला साहेब स्वतः शेजारच्या खोलीत येऊन बसले.

चाखायला आम्ही तिघं. मी आणि दोन ज्युनियर केमिस्ट, अझीम आणि तेजश्री. तेजश्री इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर. मुलगी अबोल, पण डोकं साफ.

पहिला पेला नाकाशी नेला आणि मी तो मागे घेतला. ओल्या गोणपाटाचा वास. पावसात भिजून कोपऱ्यात कुजलेलं पोतं असतं ना, तो. चाखताना बोलायचं नसतं, पण मी पेला टेबलावर जरा आपटूनच ठेवला. दुसऱ्यात तोच वास. तिसऱ्यात तोच. आठही पेल्यांत. एकतीस, अठ्ठावीस, तेहतीस असे गुण पडले. अझीम आणि तेजश्रीचे आकडेही त्याच्या आसपासच होते.

पेले धुवायला घेताना तेजश्री म्हणाली, "मॅडम, आठही पिंपांत वास अगदी सारखा कसा? एखाद्यात कमी, एखाद्यात जास्त असायला पाहिजे ना?"

शंका शंभर टक्के बरोबर होती. मी म्हटलं, "छप्पर एकच आहे ना वरचं." ती पेले धुवायला लागली.

आणखी एक चूक मी त्या दिवशी केली होती. प्रत्येक चाखणीत एक पेला ओळखीच्या, पास झालेल्या मालाचा ठेवायचा असतो. आपलं नाक आणि बाकीची मांडणी ठिकाणावर आहे का, हे त्यावरून कळतं. साहेब वाट बघतायत म्हणून मी तो पेला ठेवला नाही.

रणधीरसाहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं. विचारलं मला, "वास आला कुठनं?"

"पिंपांतून. उत्तरेच्या कोपऱ्यात ओल असणार. बुरशी धरलीय."

अण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "कोपरा कोरडा हाय साहेब. रोज हात लावून बघतो मी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "अण्णा, हाताला कळत नाही ते नाकाला कळतं."

वाक्य चांगलं जमलं असं मला तेव्हा वाटलंसुद्धा.

अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मग काय बोलायचं न्हाय मला," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची बदली उसाच्या वजनकाट्यावर झाली. पावसाळ्यात गाळप बंद असतं, काट्यावर कुत्रं फिरकत नाही. तिथं खुर्चीवर ते आठ दिवस बसले आणि नवव्या दिवशी राजीनामा लिहून दिला. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मला सांगायला आले नाहीत. मीही गेले नाही.

आठ पिंपांचं काय करायचं हे मीच लिहून दिलं होतं. पुन्हा उकळून त्याचं साधं स्पिरिट करायचं. म्हणजे माल वाया जात नाही, पण लाकडात काढलेली सहा वर्षं पुसली जातात. गणपतीची सुट्टी संपल्यावर तांब्याच्या लहान भट्टीवर काम सुरू झालं. दिवसाला एक पिंप.

आठ पिंपांच्या चाखणीनंतर पावसाळी दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली चाखणीची खोली चौथ्या दिवशी पुन्हा उघडली. आमच्या नेहमीच्या व्हिस्कीचा नमुना होता, आबासाहेबांच्या बाटलीत सापडली तीच. मी एकटीच होते. पाणी घातलं, पेला नाकाशी नेला आणि ओलं गोणपाट.

दुसरा नमुना घेतला. तोच वास. मग मी रिकाम्या पेल्यात नुसतं पाणी घेतलं, हातावर पेला धरून जरा कोमट केला आणि हुंगलं.

वास पाण्याला होता.

लॅबमधलं शुद्ध पाणी ज्या गाळणीतून येतं, तिचा आतला कोळसा ठरावीक दिवसांनी बदलायचा असतो. मी वही काढून बघितली. आषाढात बदलायला हवा होता. नवा भाग यायला उशीर होता, म्हणून पुढे 'पुढील महिन्यात' असा शेरा होता आणि खाली सही होती. सही माझी. पावसाच्या दमट हवेत गाळणीला बुरशी धरली होती, आणि तेच पाणी मी अण्णांच्या आठही पिंपांच्या नमुन्यांत घातलं होतं.

आता खरं लिहायचं म्हणजे पुढचंही लिहायला हवं. मी त्याच वेळी उठून साहेबांकडे गेले नाही. गाळणी काढली, कपाटात ठेवली. स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू, बाहेरचं पाणी आणून पुन्हा बघू, घाई नको. खात्री करायला दहा मिनिटं लागली असती. मी पूर्ण दिवस घेतला. घरी जाऊन जेवले. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि पाचवं पिंप भट्टीत रिकामं झालं होतं.

चार पिंपं माझ्या चुकीनं गेली. ते मी विसरू शकते, चुका सगळ्यांच्या होतात. पाचवं पिंप मला माहीत असताना गेलं.

भट्टी थांबवली आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"मॅडम, हे कुणाला माहिती आहे?"

"आत्ता तुम्हाला."

"मग हितंच राहू दे की. गाळणी बदला. तीन पिंपं राहिलीत ना? ती पास करा. छप्पर दुरुस्त केलं म्हणू."

"आणि मल्लूअण्णा?"

"त्यांना काहीतरी करू. बोलावून घेऊ हळूहळू." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "चौगुले मॅडम, बाजारात आपला माल तुमच्या नाकावर जातो. नाकच चुकलं म्हणून आपणच कशाला सांगत सुटायचं?"

त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, "साहेब, नाक चुकलं नाही. वास होताच. तो कुठून आला हे मी न बघता सांगितलं. ते नाकाचं काम नव्हतं, माझं होतं." आणि रजिस्टर उघडून त्यांच्या टेबलावरच त्या आठ आकड्यांखाली तांबड्या शाईनं लिहिलं: नमुन्यांत वापरलेलं पाणी दूषित होतं, पाण्याची तपासणी मी केली नाही, पिंपांवर दोष धरू नये. सही केली. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं नोकरी गेली. ती गेली नाही, पण पुढचे सहा महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नवीन पाणी आणवलं. आधी पाणी हुंगलं, मग ओळखीच्या मालाचा पेला ठेवला. तेजश्री आणि अझीमला आधी लिहायला लावलं आणि मी खोलीबाहेर थांबले. मग आत जाऊन चाखलं. गुळाची रम ती. आधी भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास, मग काहिलीच्या कडेला धरणाऱ्या खरपुडीचा, आणि चव गेल्यावर मागे रेंगाळणारी बडीशेप. मी तिन्ही पिंपांना चौऱ्याऐंशीच्या पुढे गुण दिले. तेजश्रीचे माझ्यापेक्षा दोनच जास्त होते. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तुझी शंका बरोबर होती." ती म्हणाली, "मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं, मॅडम." मी म्हटलं, "पुन्हा विचारायची पाळी मी येऊ द्यायला नको होती."

रविवारी अण्णांच्या गावी गेले. आमचे हे गाडी चालवायला आले होते, ते चावडीपाशी थांबले. मी एकटी घरी गेले. अण्णा सोप्यात बसून म्हशीचं दावं वळत होते. त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत न जाता चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी सगळं सांगितलं. पाचव्या पिंपाचंही.

अण्णांचे हात दावं वळतच राहिले. बोलल्या त्या गौराक्का.

"वास तुमच्या पान्याला, आन् डाग आमच्या मान्साला व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"गावात काय काय बोलत्यात ठावं हाय? म्हातारपणी पिंपात पानी घालताना घावला म्हनत्यात. लिंग बांधलेलं मानूस! त्यो देवळात जायचा थांबलाय." मग त्या कानडीत अण्णांना काहीतरी तडातडा बोलल्या. मला एक शब्दही कळला नाही आणि सगळं कळलं.

अण्णा म्हणाले, "मला ठावं हुतं बाई. माझी पिंपं चांगली हुती."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललो की. कोपरा कोरडा हाय म्हनलो." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आनी बोललो असतो तर तुमी ऐकलं असतं?"

मी विचार केला. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण खोटं उत्तर लगेच तयार होतं.

"नाही," मी म्हटलं. "ऐकलं नसतं."

अण्णांनी दावं खाली ठेवलं. "पिंपं कोन बघतंय आता?"

"तसं कुणी नाही. सिक्युरिटीचा एक माणूस कुलूप लावतो."

"फरशीला पानी?"

"माहीत नाही."

त्यावर ते चिडले. स्वतःवरचा आरोप ऐकताना चिडले नव्हते इतके. "मानसांचं काय बी हुंदे, लाकडानं काय केलंय?" मग म्हणाले, "येतो मी. पन एक हाय. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत तिघंच हुतो. भाईर समद्यास्नी काय कळलं? मल्लाप्पानं माल नासला. आता तुमी भाईर सांगायचं. गोदामात, समद्यांम्होरं. मोठ्यानं."

"सांगते."

"मोठ्यानं," चौकटीतून गौराक्का म्हणाल्या.

राजीनामा मागे घ्यायची कागदपत्रं मी पुढे साहेबांकडून करून घेतली. ती हकीकत लांबलचक आहे आणि कंटाळवाणी. सोमवारी पाळी बदलताना गोदामात भट्टीवाले, बाटलीभरणीच्या बायका, हमाल, सिक्युरिटी अशी पन्नासेक माणसं जमली. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. आवाज चिरका निघाला. पाणी खराब होतं, गाळणी मी बदलली नव्हती, अण्णांचा काही दोष नव्हता, आणि मी त्यांना साहेबांदेखत कमी लेखलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येईना की बाई!" मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, ह्या वेळी ओरडून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाटलीभरणीतली एक म्हातारी बाई फक्त म्हणाली, "बरं झालं बोललासा," आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

अण्णा मात्र तोवर उत्तरेच्या कोपऱ्यात पोचले होते. पाच जागा रिकाम्या होत्या. त्यांनी उरलेल्या तिन्ही पिंपांवरून हात फिरवला, बुचापाशी वाकून बघितलं आणि तिसऱ्यापाशी म्हणाले, "ही दोन न्या. ह्येचं लाकूड हट्टी हाय. ह्येला अजून एक उन्हाळा पायजे."

रणधीरसाहेब तिथंच होते. मुंबईचा खरेदीदार अजून मालासाठी थांबलेला होता. मी त्या पिंपाला चारच दिवसांपूर्वी पंच्याऐंशी दिले होते, शाईनं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, इतकी वर्षं बघत आले तसं.

मी म्हटलं, "राहू द्या उन्हाळाभर."

दोन पिंपांची रम बाटल्यांत गेली आणि चांगली गेली. तिसरं तिथंच राहिलं. त्या उन्हाळ्यात अण्णांनी फरशी दोनदा नाही, तीनदा ओली केली. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मी त्या पिंपाचा नमुना काढला. पाणी तपासलं, तेजश्री आणि अझीमला आधी लिहू दिलं, मग मी लिहिलं. त्र्याण्णव. माझ्या सगळ्या नोकरीत एवढे गुण मी कुठल्याच पिंपाला दिले नव्हते.

रजिस्टर बगलेत मारून मी गोदामात गेले आणि अण्णांना पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला आणि मान हलवली. मग पानं मागे उलटायला लागले. मला कळलं ते काय शोधताहेत. मी थांबवलं नाही. श्रावणातलं ते पान सापडलं. एकतीस, अठ्ठावीस, तेहतीस, आणि खाली तांबड्या शाईतला माझा शेरा. त्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. त्यांनी ते पान तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"ह्ये जुनं आकडं कुनी खोडलं न्हाईत?"

"खोडायची पद्धत नाही, अण्णा. सांगत असाल तर खोडते."

त्यांनी चष्मा काढला. "नको," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. म्होरं येनारी वाचतील की."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि बादली उचलून नळाकडे गेले.